देवाचा उजवा डोळा

माणूस गेला की तो आपोआप चांगला होतो, ही आपल्याकडची जुनी खोड. रघूनानांच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही. नाना हट्टी होते, खवट होते, चहात तीन चमचे साखर नसली तर कप तसाच परत पाठवायचे. बाईमाणसाच्या हाती आखणीचा ब्रश द्यायचा नाही, हे त्यांनी मला एकदा नव्हे, दहादा तोंडावर सांगितलं होतं. तरी पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मी ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं, त्यांतला, गेल्यावरही रात्रंदिवस माझ्या मनातून न हटणारा माणूस हाच.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. अंगाचा रंग, पीतांबर, सोंडेवरची नक्षी, मुकुटाचं सोनेरी हे काम आम्ही कुणीही करायचो. डोळे मात्र नाना. सगळं रंगकाम वाळून मूर्ती ओळीने फळीवर लागल्या की नाना पाटावर बसायचे आणि नुसता हात वर करायचे. रंगाचा कॉम्प्रेसर बंद व्हायचा. गप्पा बंद व्हायच्या. नानांच्या आणि मूर्तीच्या मधून कुणी जायचं नाही, समोरून तर नाहीच. ब्रशाचं टोक ओठांत धरून बारीक करायचे, श्वास धरायचे आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायचे. त्यांचा खालचा ओठ बारा महिने काळा असायचा.

पहिला डोळा नेहमी देवाचा उजवा. देवाचा उजवा म्हणजे समोर बसणाऱ्याच्या डाव्या हाताचा. आणि एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताचे, हा आमच्या धंद्यातला नेम. एक डोळा एकाचा नि दुसरा दुसऱ्याचा असला तर देव बघतो एकीकडे आणि ऐकतो भलतीकडे, असं नाना म्हणायचे. गिऱ्हाइकाला ते कळत नाही, घरात बसलेल्या बाईला कळतं, असंही म्हणायचे. बाईला कळतं, पण बाईने काढायचा नाही. आता काय बोलावं.

मी एकदा भांडले होते. म्हटलं, "नाना, माझा हात तुमच्यापेक्षा कमी कापतो."

"हात कापत नाय गो तुझा," ते म्हणाले. "तुला घाई हाय. मुकुटाला चालते घाई. डोळ्याला नाय."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना तिसऱ्या दिवशी ते लक्षात आलं.

नाना जोह्याचे. सकाळच्या एस्टीने पेणला यायचे, संध्याकाळी पाचच्या गाडीने परत. बायको लवकर गेली. एकच मुलगी, सुमन, रोह्याजवळ वरशाला दिलेली. घरी एकटा माणूस, त्यामुळे खाण्यावर कुणाचा धाक नाही. मूर्ती न्यायला येणारी माणसं पेढ्यांचा पुडा आणायची, तो नानांपुढे ठेवायची, आणि पुडा दुपारपर्यंत रिकामा. कुणी बोललं की म्हणायचे, "देवाला मोदक चालतात, मला पेढा चालत नाय काय?"

एका मे महिन्यात ते उशिरा, भर उन्हाचे कारखान्यात आले आणि आपल्या जागेवर बसले. मी पाणी द्यायला गेले तर एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

"नाना, दुसरी चप्पल कुठे?"

त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. "अरेच्चा," म्हणाले, "मघा तर होती."

स्टँडपासून कारखान्यापर्यंतचा डांबरी रस्ता ते एका अनवाणी पायाने चालत आले होते. तळव्याला पुरीसारखा टम्म फोड आलेला, आणि या माणसाला पत्ताच नाही. मला रागच आला. आमचे मालक बापू हिशेबी, पण माणूस मायाळू. ते म्हणाले, "मंदा, तू ने यांना. माझं ऐकायचे नायत." मी नानांना रिक्षात कोंबलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

तेव्हा आमच्या डॉक्टरांकडे लघवीची तपासणी तिथल्या तिथे करायचे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात थेंब टाकायचे आणि खालून तापवायचं. साखर नसेल तर निळंच राहतं. असेल तशी ते हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी होतं. नळीतला रंग निळ्यावरून भराभर पुढे सरकला. डॉक्टर म्हणाले, "विटकरी."

नानांनी नळी हातात मागून घेतली, खिडकीकडे धरली. "विटकरी नाय हा डॉक्टर. यात शेंदूर हाय थोडा. विटकरीला मातकट झाक लागते."

डॉक्टर हसले. मग हसणं थांबवून त्यांनी नानांना नीट बसवलं. ते काय बोलले, ते मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे, कारण पुढे मी ते स्वतःला फार वेळा ऐकवलंय. "नळाच्या पाण्यात क्षार असला की पाइप आतून धरतो ना, तसं ही साखर रक्ताच्या नळ्यांना करते. पायाची जाणीव गेलीच आहे. पण पायापेक्षा बारीक नळ्या डोक्यात असतात. तिथे एखादी बंद झाली तर मेंदूचा तेवढा तुकडा मरतो. दुखत नाही, खुपत नाही." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही बरोबर असता ना दिवसभर? जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, नजरेत काही फरक वाटला, वागणं बदललं, तर त्याच दिवशी घेऊन यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

मी हो म्हटलं. नानांनी विचारलं, "हात चालेल ना?"

"हाताचं नाही बोलत मी."

"हात चालतो ना? मग डोक्याचं बघू."

गोळ्या सुरू झाल्या. नाना त्या कशा घ्यायचे? गरगरलं की घ्यायचे. न गरगरता गोळी खाणं त्यांना उधळपट्टी वाटायची. पंधरा दिवस कारल्याचा रस प्यायले आणि मग सगळ्यांना सांगत सुटले की साखर गेली.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षीचा श्रावण. सीझन म्हणजे आमच्याकडे माणसाला शिंकायलाही सवड नसते. एका सकाळी नाना आले ते दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून. मी बघितलं तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर पांढरे खुंट. मी थट्टा केली, "नाना, अर्धी दाढी उधार ठेवलीत काय?" त्यांनी गालावरून हात फिरवला, उजव्याच, आणि म्हणाले, "चांगली झालीय की."

मला हसू आलं. देवाशपथ सांगते, मी हसले.

ते पाटावर बसले. हात वर केला. कॉम्प्रेसर बंद झाला. तासाभराने मी मुकुटावर राहिलेलं सोनेरी लावायला फळीपाशी गेले. पहिल्या मूर्तीला एकच डोळा होता. वाटलं, दुसरा मागाहून काढणार असतील. दुसऱ्या मूर्तीलाही एकच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. काढलेला डोळा सुरेख होता, नानांचाच, पापणीची रेघ एका दमातली. आणि देवाच्या उजव्या डोळ्याच्या जागी नुसता अंगाचा कोरा रंग. ज्या डोळ्यापासून हा माणूस उभा जन्म सुरुवात करत आला, तोच नव्हता. पाच गणपती मला एका डोळ्याने बघत होते, आणि नाना श्वास धरून सहाव्याला बसले होते. 

मी बापूंना बोलावून आणलं. त्यांनी बघितलं, कपाळाला हात लावला. मग जवळ जाऊन, फार जपून विचारलं, "नाना, हा एकच झाला काय?"

नानांनी मूर्तीकडे बघितलं. "एकच कसा? दोन्ही झाले की. हे काय." आणि ब्रशाच्या मागच्या टोकाने तो एकच डोळा दोनदा दाखवला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच दोन दिसत होते. बापू अजून तिथेच उभे बघून ते तडकले, "सीझनला माझी परीक्षा घेता काय?"

बापू मला मागच्या खोलीत घेऊन गेले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी सांगितलंच पाहिजे, कारण पुढे लोक त्यांनाच वाईट म्हणाले. "मंदा, आज सांगितलं तर ते ब्रश ठेवतील. आणि ठेवला की परत उचलायचे नायत, मी ओळखतो त्यांना. मरतील झुरून. पंधरा दिवसांवर गणपती आलेत. सीझन जाऊ दे, मग मी स्वतः नेतो डॉक्टरकडे. तोवर दुसरा डोळा तू काढ. ते घरी गेल्यावर."

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं नाही असं नाही. लख्ख आठवलं. पण मी म्हटलं, बोलतायत नीट, चालतायत नीट, हाताला काही झालेलं नाही. ज्या माणसाच्या हातापुढे आम्ही श्वास धरून उभे राहायचो, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुझं अर्धं काम झालेलं नाही? आमच्यात थोर कारागिराची चूक पाठीमागे दुरुस्त करतात, त्याला दाखवत नाहीत. त्याला मान राखणं म्हणतात. हे सगळं खरं आहे. आणि आणखी एक खरं आहे, जे मी बापूंनाही बोलले नाही: मला आनंद झाला होता. इतकी वर्षं नाही म्हणालात ना? आता माझ्याशिवाय तुमचा देव आंधळा.

जळो मेला तो आनंद. पण झाला होता.

नाना पाचच्या गाडीला गेले की मी बसायची. त्यांनी काढलेल्या डोळ्याशेजारी त्याचाच उलटा डोळा, देवाचा उजवा. पहिल्या दिवशी एकेका डोळ्याला वेळ लागला, दुसऱ्या दिवशी नाही. सकाळी नाना येऊन फळीवर नजर टाकायचे, "चांगले उतरलेत" म्हणायचे आणि पुढच्या मूर्तींना बसायचे. माझा डोळा त्यांना दिसायचाच नाही. मूर्ती पेट्यांत जायच्या, ट्रक भरायचे. नेम मोडला होता, पण बोंब कुठूनच आली नाही. मला वाटायला लागलं, आपल्याला जमलं.

नवव्या की दहाव्या दिवशीची गोष्ट. एक मोठी मूर्ती दाराकडे तोंड करून वाळत ठेवली होती. नाना मागच्या अंगाने आले, मूर्तीच्या उजव्या कुशीला. तिथून बघताना माझा डोळा त्यांच्या उजव्या हाताला आला, आणि ते एकदम थांबले.

"हा डोळा कुणाचा?"

कारखान्यात मी एकटीच जवळ होते. "कुणाचा म्हणजे?"

"माझा नाय हा." ते वाकले. बोट न लावता पापणीच्या रेघेवरून बोट फिरवलं. "ही रेघ मध्ये थांबलीय. श्वास घेतलाय मध्ये. मंदे, तू तोंडावर बोलणारी पोर हायस. खरं सांग. माझं काय होतंय काय? हल्ली खांद्याला दार लागतं, वाटी सापडत नाय. हा डोळा कुणी काढला?"

एवढं स्वच्छ विचारलं. त्या माणसाने स्वतःहून दार उघडलं होतं. मला फक्त आत जायचं होतं, आणि डॉक्टरांचा दवाखाना दहा मिनिटांवर होता.

मी म्हटलं, "तुमचाच नाना. परवा तुम्हीच काढलात. मी होते इथे."

ते पुन्हा एकदा त्या डोळ्यावर वाकले. मग हळूच म्हणाले, "मग म्हातारा झालो मी. रडवेला निघालाय." त्यांनी हात पुसले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी हात वर केला नाही. कॉम्प्रेसर चालूच राहिला आणि त्यांनी तशातच काम केलं.

चतुर्थीला चार दिवस उरले असताना नाना आले नाहीत. जोह्याहून निरोप आला की एस्टीची वाट बघताना पडले, शुद्ध नाही. पेणच्या दवाखान्यात ठेवलं, तिथून अलिबागला. वाचले. डावी बाजू लुळी पडली आणि बोलणं थोडं जड झालं.

मी तिथे होते तेव्हा आमचे पेणचे डॉक्टर बघायला आले होते. बाहेर आल्यावर मी त्यांना एका डोळ्याच्या मूर्तींचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "हे कधीपासून?" मी दिवस सांगितले. ते म्हणाले, "तो पहिला झटका होता. लहान. डोळे शाबूत होते त्यांचे. मेंदूचा जो भाग डाव्या बाजूच्या जगाची दखल घेतो, तो बंद पडला. अर्धं दिसत नाही असं त्यांना वाटणारच नाही. ते अर्धं असतं, हेच त्यांच्यापुरतं पुसून गेलंय."

"तेव्हा आणलं असतं तर?"

"साखर आणि दाब दोन्ही ताब्यात आणले असते. हा मोठा झटका कदाचित टळला असता." मग माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा म्हणाले, "कदाचित." ते पुन्हा म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

सुमनने नानांना वरशाला नेलं. मी जाईन जाईन म्हणत तीन महिने काढले. घरातल्या कामाची कारणं सांगितली, पाऊस लांबल्याचं सांगितलं. शेवटी मार्गशीर्षात एका रविवारी रोह्याची एस्टी धरली. वाटेतलं निडी गाव गेल्यावर उतरून परत फिरावं असं मनात आलं, हे काही लपवत नाही.

सुमन दारातच भेटली. वाळून गेली होती बिचारी. "मंदाताई, जेवत नायत गो ते नीट. अर्धं ताट टाकतात, आणि शेजारी कोण आलं की सांगतात, मुलगी अर्धपोटी ठेवते. मी काय करू?" बोलता बोलता रडायला लागली.

नाना पडवीत खुर्चीवर बसले होते. पुढे स्टुलावर ताट. उजवीकडची भाजी, अर्धा भात संपलेला, भाताला मधोमध सुरीने कापल्यासारखी कड. डावीकडची आमटी, भाकरी, तळलेला बोंबलाचा तुकडा जसाच्या तसा. मी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. नाना चमकले. "आता वाढलंन," म्हणाले आणि भराभर जेवायला लागले. सुमन तोंडावर पदर धरून बघत राहिली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी ती तीन महिने बोल खात होती, आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असल्यासारखं होतं.

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. "मंदी आली." कारखान्याचं विचारलं, बापूंचं विचारलं. डोळे आता कोण काढतं, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. येताना ठरवून आले होते की आज सगळं बोलून टाकायचं, पाय धरायचे. पण ते जेवून शांत झाले होते, ऊन कोवळं होतं, आणि माझी जीभ उचलेना. गाडीची वेळ झाली. मी नमस्कार केला, ताट उचलून आत ठेवलं आणि पिशवी घेऊन पडवीत आले. दाराकडे जायला वाट त्यांच्या डाव्या बाजूने होती.

सुमन त्यांना पाणी देत होती. ती सहज म्हणाली, "बाबा, डॉक्टर बोलले ते खरं हाय ना? तुम्ही आधीपासून अर्धेच डोळे काढत होतात. तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर."

नानांचा आवाज चढला. "खोटं हाय ते. दोन्ही काढले मी. माझा हात बिघडला असेल, म्हातारपण हाय, पण एक डोळ्याचा देव मी कारखान्याच्या बाहेर नाय सोडला. मंदीला विचार. ती होती तिथे. ती बोलली मला, नाना, दोन्ही तुमचेच. ती तोंडपुजेपणा नाय करायची कुणाचा."

सुमनने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी नानांच्या डावीकडे, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर उभी होते. उजवीकडे जायला चार पावलं पुरली असती.

"मंदे," नानांनी हाक मारली. उजवीकडे बघून. मोकळ्या अंगणाकडे. "सांग गो हिला."

तुळशीपाशी कोंबडी उकरत होती. नाना तिकडेच बघत थांबले, माझ्या उत्तरासाठी, मान थोडी पुढे करून.

"गेली वाटतं," मग ते सुमनला म्हणाले. "गाडी असेल तिची."

मी गेले नव्हते. मी तिथेच होते, श्वास धरून. मग पिशवीचा आवाज होऊ नये म्हणून ती पोटाशी धरली आणि गेले.